म्हैसासुराचे डोळे

मालकांनी एक दिवस विचारलं, "तू मुरबाडकडचा ना? मग तुला बोहाडा माहीत असेल."

मी म्हणालो, "माहीत म्हणजे काय, लहानपणापासून बघतोय."

ही निव्वळ थाप होती. आमचे वडील मुरबाडला शाळामास्तर. बोहाडा म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून गावकरी रात्रभर नाचतात तो उन्हाळ्यातला उत्सव, आणि वडिलांच्या मते तो सभ्य घरच्या मुलांनी बघण्यासारखा नव्हता. त्या दिवसांत आम्हाला लवकर जेवायला घालून झोपवत. अंथरुणात पडून लांबून येणारा संबळ ऐकायचा, एवढाच माझा बोहाडा. पण थाप मारायला कारण होतं. मालकांच्या सिनेमाच्या कारखान्यात चार वर्षं मी फिल्म धुण्याच्या टाक्यांवर होतो. लाल दिव्याची कोंदट खोली, औषधांचा वास, बोटांची सालं निघालेली. कॅमेरा माझ्या हातात यायचा तो फक्त पुसण्यापुरता.

मालकांना मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला दहा मिनिटांचं एक चित्र हवं होतं. आमच्याकडच्या एका वाडीत बोहाड्याचे मुखवटे करणारा एक नामांकित कारागीर होता, त्याच्यावर. कारखान्यातले थोरले कॅमेरावाले दुसऱ्या कामात अडकलेले. मालकांनी किल्ली भरून चालवायचा जुना कॅमेरा आणि फिल्मचे सहा डबे माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "चांगलं झालं तर यापुढं तू कॅमेऱ्यावर. नाही झालं तर टाकी आहेच." मग त्यांनी मला अख्खी विद्या उभ्या उभ्या शिकवली. सूर्य नेहमी पाठीशी ठेवायचा. प्रत्येक गोष्ट आधी लांबून घ्यायची, मग जवळून, मग नुसते हात. आणि बघणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: माणूस कुठं आहे, काय करतोय आणि का करतोय. एवढ्या शिदोरीवर मी निघालो.

आसनगावला उतरून टांग्यानं शहापूर, तिथून बैलगाडीनं मुरबाडच्या बाजूला अर्धा दिवस. चैत्राचं ऊन. कॅमेऱ्याची तिपाई दर खड्ड्याला माझ्या बरगडीत घुसत होती आणि गाडीवान दर वेळी मागं वळून विचारत होता, मोडली नाय ना? माझी बरगडी नव्हे, तिपाई.

कारागिराला सगळी वाडी मामा म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. भातशेती थोडी, आणि होळी झाली की मुखवटे. आजूबाजूच्या गावांतली निम्मी सोंगं त्याच्या हातची. बोहाड्यात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. गणपतीचं एकाचं, रावणाचं दुसऱ्याचं, बापाकडून मुलाकडं चालत आलेलं. त्या वर्षी एका घरानं म्हैसासुराचा नवा मुखवटा मामाला सांगितला होता. तोच मला चित्रात घ्यायचा होता.

पहिल्या दिवशी मी तिपाई अंगणात रोवली आणि मामाला म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा, माझ्याकडं बघू नका." मामा आत गेला आणि लग्नातला काळा कोट घालून बाहेर आला. लाकूड, तासायचा वाकस सगळं बाजूला सारून घडवंचीवर ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी किल्ली सोडली. मामा हलेना. पापणीही हलेना. शहापूरच्या बाजारात कधी तरी कल्याणचा फोटोवाला आला होता आणि त्यानं बजावलं होतं की हललात तर पैसे वाया. मी ओरडत होतो, मामा, हला, हात हलवा. मामा ओठ न हलवता पुटपुटला, "हलवीन की. तुमचा झाला की हलवीन." अंगणात जमलेली माणसंही श्वास धरून उभी. एक म्हातारी तर खोकला दाबून दाबून लाल झाली. जिवंत माणसांचं चित्र घ्यायला आलेला मी, आणि एका अख्ख्या किल्लीची फिल्म मी दगडांवर घालवली.

कोट उतरवायला दीड दिवस गेला. मग काम सुरू झालं. पांगाऱ्याचा ओंडका, हलका आणि मऊ, त्यावर मामाचा वाकस चालायला लागला की ढलपे फुलासारखे उडायचे. हे बघायला सुंदर होतं आणि घ्यायला अशक्य. मालकांचं सूत्र, आधी लांबून, मग जवळून, मग हात. म्हणजे एकच गोष्ट तीनदा व्हायला हवी. मी लांबून शिंग कोरताना घेतलं, तिपाई उचलून जवळ आणली, म्हटलं, "मामा, आता परत तसंच करा."

"परत कसा करू? झाला ना तो."

"नुसतं केल्यासारखं करा."

मामानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला देवळात खोटं बोलायला सांगत होतो. त्या रागात मी दुपारभर फणसाखाली बसून राहिलो. फिल्म बदलायची तर काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून आंधळ्यासारखं चाचपडायचं, घामानं हात चिकट, फिल्म अडकलेली. पाण्याला निघालेल्या बायका थांबून बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "काय मास्तर, म्हशीचा बाळंतपण चाललाय काय?" सगळ्या हसल्या. मलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्या पिशवीत हात अडकलेले असतानाच मला सुचलं. म्हैसासुराला शिंगं दोन, कान दोन, डोळे दोन, नाकपुड्या दोन. डावं शिंग लांबून घ्यायचं, उजवं जवळून. पडद्यावर कोण मोजणार आहे? मामाला काहीच परत करावं लागणार नाही. चार वर्षं टाकीवर उभं राहून जे कळलं नव्हतं ते मला एका रेड्याच्या तोंडानं शिकवलं. त्या दिवसापासून चार दिवस काम झकास झालं, आणि मी स्वतःला मोठा कलावंत समजायला लागलो.

मग आले रंग. आणि मामा मुखवटा घेऊन घरात गेला.

घर कुडाचं. मधल्या खोलीत खिडकी म्हणून नाही. त्या खोलीच्या कोपऱ्यात, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, मामानं जमिनीवर दिवा लावला, मुखवटा समोरच्या मेढीच्या खांबाला टांगला आणि रंग कालवायला घेतले. चुना, काजळ, पिवडी, गेरू, धावड्याचा डिंक. एकेक फटकारा मारायचा, मागं सरायचं, दिवा डावीकडं सरकवायचा, उजवीकडं सरकवायचा, बघायचं. माझ्या कॅमेऱ्याला त्या खोलीत काळ्या मांजराइतकंही काही दिसत नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, बाहेर बसा. अंगणात केवढा उजेड आहे."

"उन्हात रंग दिसत नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "उन्हात दिसत नाही तर कुठं दिसतो?"

"उन्हात सगळाच दिसतो, मास्तर. म्हून रंग दिसत नाय."

मी त्याला उजेड म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. खरंच सांगायला लागलो. भिंग, फिल्म, सूर्याचा कोन, जे काही मला अर्धंमुर्धं येत होतं ते सगळं. मामा दिवा सरकवत ऐकत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हणालो. दोन दिवस मी अंगणात तिपाई लावून बसलो आणि मामा आत रंगवत बसला. पहिल्या दिवशी वाटलं, वठणीवर येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, तो मुखवटा उचलून विहिरीत टाकावा. त्यातच शहापूरच्या टपालातून मालकांचं पत्र आलं. लिहिलं होतं की रंगकाम हाच चित्राचा प्राण आहे, त्याशिवाय परत येण्याची तसदी घेऊ नये.

पत्र वाचून मी आत गेलो आणि मामाच्या समोर बसलो. भांडायला गेलो होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. मी माझे हात दिव्यापुढं धरले. सोललेली बोटं, काळी नखं. म्हणालो, "मामा, हे चित्र झालं नाही तर मला पुन्हा टाकीवर जावं लागेल. चार वर्षं झाली. आता नाही सोसवत." सांगताना मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

मामानं माझी बोटं उलटी सुलटी करून पाहिली. डिंकानं, चुन्यानं त्याच्या बोटांचीही तीच गत होती. मग त्यानं फुंकर मारून दिवा विझवला. मुखवटा मेढीवरून काढला. "तुमच्या पोटाचा सवाल हाय म्हंता. चला, बसू उन्हात."

मी त्याला मिठी मारायचा बाकी होतो.

अंगणात सूर्य माझ्या पाठीशी, मामाच्या तोंडावर. मुखवट्यावर आत केलेलं काम उन्हात भयंकर दिसत होतं. डोळ्यांचं पांढरं ताटाएवढं, भोवती काजळाची बोटभर जाड रेघ, गालांवर आणि कपाळावर चकचकीत बेगडीचे तुकडे. भिंगातून बघितलं तर पांढरं नुसतं फुटत होतं आणि बेगड डोळ्यांत खुपत होती. हा माणूस नामांकित कसा, असा प्रश्न मला पडला. मी म्हणालो, "मामा, बेगड काढा. आणि हा पांढरा फार आहे, त्यात थोडा गेरू घाला. रेघही जरा बारीक करा."

"मग डोळा उघडंल कसा?"

"तो माझ्या कॅमेऱ्यात उघडेल. ते माझ्यावर सोडा."

हे वाक्य मी बोललो आहे. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

मामा थोडा वेळ बोटांनी डिंक मळत बसला. मग त्यानं बेगड नखानं सोलून काढली, पांढऱ्यात गेरू घातला आणि माझ्या सांगण्याप्रमाणे डोळे पुन्हा रंगवले. डावा मी लांबून घेतला, उजवा जवळून. हात तर असे मिळाले की तसे पुन्हा मला वीस वर्षांत मिळाले नाहीत. मामी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आवं, यो रेडा झोपलाय काय?" मामा म्हणाला, "तू गप गो." डोळे पुरे झाले तशी मामीनं नारळ आणला. डोळे रंगवून झाले की नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की बोहाडा होईपर्यंत मुखवट्याला रंगाचं बोट लावायचं नाही, अशी तिथली रीत. मामा नारळ हातात धरून मुखवट्याकडं बघत राहिला. मला वाटलं भक्तिभाव. ऊन उतरत होतं. मी म्हणालो, "मामा, फोडा, उजेड जातोय." त्यानं फोडला. तेही मी घेतलं.

निघताना मामा म्हणाला, "पाच दिसांनी बोहाडा हाय. ऱ्हावा, बघून जावा."

मी म्हणालो, "रात्रीचं काही फिल्मवर येत नाही, मामा." आणि गाडीत बसलो.

चित्र सरस झालं. मालकांनी ते दोनदा लावून बघितलं. म्हणाले, "मुखवट्याचा चेहरा काय नाजूक आलाय. राक्षसाच्या डोळ्यांतसुद्धा करुणा आहे." माणूस कुठं आहे आणि काय करतोय ते दिसत होतं. का करतोय, ते मला सापडलंच नव्हतं, म्हणून मागून एका गृहस्थांच्या भारदस्त आवाजात पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा वगैरे वदवून घेतलं. मला टाकीवरून काढून कॅमेऱ्यावर घेतलं. बोटांची कातडी दोन महिन्यांत भरून आली.

दिवाळीनंतर मी मामाला भेटायला गेलो. चित्रातला एक तुकडा मोठा करून चौकटीत बसवून नेला होता, हात आणि मुखवटा. मामा खळ्यावर भात झोडत होता. त्यानं चौकट पुसून पुसून पाहिली, मामीला दाखवली. मग माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं काही तरी काढून माझ्या हातात दिलं. म्हैसासुर.

"घेऊन जावा. आमच्याकडं यो चालला नाय."

"का?"

"पोरं भ्याली नाय." मामानं गोणपाटाची घडी घातली. "हसली. म्हैसासुर आला आन पोरं हसली. ज्याच्या घरचा सोंग तो भर रिंगणात थांबला, नाचना. आता पुढल्या सालचा मुखवटा त्यांनी दुसऱ्या गावात सांगितलाय."

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "खेड्यातल्या लोकांना कदर नसते, मामा. मुंबईत येऊन बघा, माणसं काय वाखाणतात तुमच्या कामाला." मामा हसला. "तुमचा काम झाला ना?" त्यानं विचारलं. झालं म्हटल्यावर म्हणाला, "मग झाला तर." मामीनं मला चहा दिला, पण ती माझ्याशी बोलली नाही. ते माझ्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आणि मला तिचाच राग आला.

मुखवटा मी माझ्या खोलीत, विजेच्या दिव्यासमोरच्या भिंतीवर टांगला. येईल त्याला दाखवत असे. माझ्या पहिल्या चित्रातला, म्हणून. लोक म्हणत, फारच सुरेख. मी म्हणे, रंग मी सांगितले तसे लावून घेतले.

मग लढाई सुरू झाली, आणि काही वर्षांनी मुंबईत रात्री दिवे झाकायचा हुकूम निघाला. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले. एका संध्याकाळी वीजच गेली. बायकोनं रॉकेलची चिमणी लावली आणि उजेड बाहेर दिसू नये म्हणून ती टेबलावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवली, भिंतीच्या कडेला, मुखवट्याच्या पायाशी. मग वर बघून म्हणाली, "अहो, याला तोंडच नाही."

मी पाहिलं. शिंगं होती, कान होते. मधे नुसता तपकिरी लाकडाचा सपाट तुकडा. माझे गेरूचे डोळे त्या उजेडात लाकडात विरून गेले होते. बोहाड्यात मशाली कमरेच्या खाली धरतात, हे मला लढाईच्या आधी एकदा कोणी तरी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मामाचा दिवा जमिनीवर होता. तो डावीकडं सरकवायचा, उजवीकडं सरकवायचा. मी अंगणात बसून त्याला उजेड म्हणजे काय ते शिकवत होतो, आणि तो आत बसून तेच तर करत होता. मालकांनी विचारायला सांगितलेलं ते तिसरं, का करतोय, ते त्यानं मला रंगाच्या पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं. त्याला ठाऊक होतं काय होणार ते. नारळ हातात धरून तो तेच बघत उभा होता, आणि मी म्हणालो होतो, उजेड जातोय.

बायकोच्या पानाच्या डब्यातला चुना मी बोटावर घेतला. डाव्या डोळ्यात भरला, जाड. चिमणीचं काजळ घेऊन भोवती बोटभर रेघ ओढली. रेघ वेडीवाकडी आली. मी मागं सरलो.

तो डोळा माझ्याकडं बघत होता. बायको चिमणी उचलायला वाकली होती, ती तशीच मागं झाली आणि म्हणाली, "पुसा ते आधी."

मी पुसला नाही. दुसऱ्या डोळ्याला हात लावायचं धैर्यही मला झालं नाही. रात्रभर तो एक डोळा उघडा होता. सकाळी खिडकीचा काळा कागद काढला, ऊन आत आलं, तर तो डोळा भडक आणि बेढब दिसत होता. कॅमेऱ्यामागं असतो तर मीच म्हणालो असतो, मामा, यात जरा गेरू घाला.